फळ्यावरचं नाव

जुन्या हायस्कुलांत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बहुधा एक लाकडी फलक असतो. काळ्या पाटीवर पिवळ्या ऑइलपेंटनं लिहिलेली नावं, डावीकडं साल, उजवीकडं गुण. शालान्त परीक्षेत शाळेत पहिले आलेले विद्यार्थी. अशा काही फलकांवर १९७५ या एकाच सालापुढं दोन नावं दिसतात. ती रंगाऱ्याची चूक नसते. त्या वर्षी जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन तुकड्या शालान्त परीक्षेला बसल्या होत्या. राज्याच्या शिक्षणात झालेला एवढा मोठा बदल त्या फलकानं एका जादा ओळीत नोंदवून ठेवला आहे.

मी हायस्कुलात ३१ वर्षं मराठी शिकवलं. त्यातली बरीच वर्षं दर्शनी फळा लिहिण्याचं काम माझ्याकडं होतं. सुविचार, दिनविशेष आणि त्याखाली रंगीत खडूनं चौकट काढून 'हार्दिक अभिनंदन'. पहिल्याच वर्षी जिल्हास्तरावर लांब उडीत दुसऱ्या आलेल्या मुलीचं आडनाव मी चुकीचं लिहिलं. एका वेलांटीचा फरक. ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाहिलं, तर तिनं बोटानं माझी वेलांटी पुसून स्वतःच्या हातानं योग्य ती काढली होती, पांढऱ्या खडूनं, कारण रंगीत खडू माझ्या कपाटात असायचे. त्यानंतर फळ्यावर नाव घालण्याआधी मी प्रत्येक मुलाकडून ते कागदावर लिहून घेऊ लागले. शाळेतल्या कौतुकाबद्दल मला जे काही कळलं आहे, त्याची सुरुवात त्या वेलांटीपासून झाली. कौतुक ही आधी नोंद असते. ती नेमकी असेल तरच मुलाला वाटतं, की आपल्याला कुणीतरी पाहिलं.

या संग्रहाला प्रस्तावना लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा विषय लहान वाटला होता. शाळेतले गुणगौरव, गॅदरिंग, वार्षिक अंक, निरोप समारंभ. यात सांगण्यासारखं काय आहे? हस्तलिखित वाचून झाल्यावर मत बदललं. आपल्या माध्यमिक शाळा गेली पावणेदोनशे वर्षं कुणाला आणि कशासाठी मान देत आल्या, याचा इतिहास सलगपणे कुणी लिहिलेला नाही. तो अहवालांत, अंकांत, फलकांवर आणि लोकांच्या बोलण्यात विखुरला आहे. या विषयाशी नव्यानं ओळख होणाऱ्या वाचकासाठी त्याचा एक ढोबळ नकाशा इथं काढते आहे.

सुरुवात १८५२पासून करावी असं मला वाटतं. त्या वर्षी १६ नोव्हेंबरला पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारनं जोतीराव फुले यांचा शालजोडी देऊन सत्कार केला. त्यांनी मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी शाळा चालवल्या, म्हणून. शिक्षकाचा जाहीर सत्कार म्हणून त्या दिवसाकडं पाहावं. ज्यांना शहाण्या लोकांनी अंगणातही उभं केलं नसतं, त्यांना शिकवणाऱ्या माणसाची ती जाहीर दखल होती. पुढं १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग समाजातली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध आज स्त्री-साहित्याच्या आणि दलित साहित्याच्या इतिहासात सन्मानानं सांगितला जातो. पण मी शिक्षिका असल्यामुळं मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एका शाळकरी मुलीनं लिहिलं, तिच्या शाळेनं ते वाचलं आणि छापण्याजोगं मानलं. वार्षिक अंकात मुलांचं लिखाण छापण्याची जी पद्धत आज आपण सहज पाळतो, तिच्या मुळाशी मी हा निबंध ठेवीन.

त्यानंतरचा मोठा प्रवाह परीक्षेचा. १८५७मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, १८५९मध्ये पहिली मॅट्रिक झाली आणि त्या पहिल्या परीक्षेत महादेव गोविंद रानडे उत्तीर्ण झाले. मॅट्रिक ही नोकरीची आणि प्रतिष्ठेची किल्ली झाली, तशी शाळांची प्रतिष्ठाही मॅट्रिकच्या निकालावर ठरू लागली. संस्कृतातल्या प्रावीण्यासाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या मुलाचं नाव गावोगाव घेतलं जाई. १९१२मध्ये चिंतामण द्वारकानाथ देशमुख मॅट्रिकला पहिले आले आणि ती शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. पुढं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. पण कित्येक जुन्या शिक्षकांच्या तोंडी त्यांची ओळख 'शंकरशेट स्कॉलर' हीच असे. माझ्या वडिलांच्या पिढीपर्यंत हा शब्द पदवीसारखा वापरला जाई. स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा एसएससीनं घेतली आणि १९६६पासून राज्य मंडळ काम पाहू लागलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बोर्डात आलेल्या मुलांचे पेढे खातानाचे फोटो हे दृश्य दोन-तीन पिढ्यांच्या मनात ठसलं आहे.

या प्रवाहाला नावं ठेवणं आज सोपं झालं आहे. मी तसं करणार नाही. खेड्यातल्या, पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरातल्या मुलासाठी गुणवत्ता यादी ही अशी एकच जागा होती, जिथं त्याच्या आडनावानं, गावानं, कपड्यांनी काही फरक पडत नसे. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असे, नाव नसे. या न्यायाचं मोल ज्यांना घरून आधार होता त्यांना कदाचित कळणार नाही. मात्र त्या फलकावर दर वर्षी एकच ओळ असते, आणि तुकडी असते साठ मुलांची. उरलेल्या एकोणसाठांचं शाळेनं काय पाहिलं, याचं उत्तर फलक देत नाही.

ते उत्तर शोधणारे दुसरे प्रवाह होते. त्यात मला सर्वांत जवळचा अंमळनेरचा. साने गुरुजी १९२४मध्ये तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडं आली. मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढलं. दैनिक! मासिक काढताना सुद्धा आमची दमछाक होते. दिवसभर शिकवून, छात्रालयाची कामं उरकून हा माणूस रोज हातानं लिहून मुलांपुढं काहीतरी ठेवत होता. पुढं १९२८मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केलं आणि १९३०मध्ये सत्याग्रहात उतरण्यासाठी नोकरी सोडली. म्हणजे शाळेतला त्यांचा काळ जेमतेम सहा वर्षांचा. तरी महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत हस्तलिखितांची आणि भित्तिपत्रकांची जी आवड रुजली, ती जोपासणारे किती शिक्षक मनात अंमळनेर धरून काम करत होते, हे मी माझ्या सहकाऱ्यांच्या बोलण्यातून ऐकलं आहे. हस्तलिखितात पहिला नंबर नसतो. त्यात ज्याचं अक्षर चांगलं तो लिहितो, ज्याचा हात चित्रात चालतो तो कोपऱ्यात वेलबुट्टी काढतो, ज्याला यातलं काहीच येत नाही तो खळ करून पानं चिकटवतो, आणि शेवटच्या पानावर सगळ्यांची नावं येतात.

साताऱ्याचा प्रवाह वेगळ्या मातीतला. भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह उभं राहिलं. पुढं हायस्कुलं निघाली, 'कमवा आणि शिका' ही पद्धत रूढ झाली. तिथं विहीर खणणं, शेतात राबणं, स्वतःचं जेवण स्वतः रांधणं हा शिक्षणाचा भाग होता. याचा कौतुकाच्या इतिहासाशी संबंध असा, की हाताला घट्टे पडलेल्या मुलाला ते हात लपवावेसे वाटू नयेत, अशी हवा त्या वसतिगृहांत तयार झाली. हे कोणत्याही चषकानं साधलं नसतं.

तिसरा विचार बक्षिसालाच हरकत घेतो. भावनगरला गिजुभाई बधेकांनी आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या, पुढं बोर्डी-कोसबाडला आयुष्य वेचलेल्या ताराबाई मोडकांनी बालशिक्षणात चढाओढ, शिक्षा आणि आमिष यांना जागा ठेवली नाही. त्यांचं काम लहान मुलांमधलं, पण प्रश्न हायस्कूललाही लागू पडतो: बक्षिसासाठी केलेलं काम मुलाचं राहतं का? अमेरिकेत १९७३मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढण्याची आवड असलेल्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता नंतर ते दिलं. काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी पाहिलं तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं चित्रांकडं कमी वळत होती. न सांगता प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती. १९९८मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांना असं दिसलं, की 'तू हुशार आहेस' असं कौतुक झालेली मुलं पुढच्या अवघड कामात अपयश आल्यावर लवकर खचतात, तर मेहनतीचं कौतुक झालेली मुलं टिकून राहतात. हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेतल्या एका जुन्या सरांची आठवण झाली. ते कधीच 'शाब्बास' म्हणत नसत. 'तिसरी ओळ पुन्हा लिहिलीस वाटतं, बरं झालं' एवढंच म्हणत. मुलं त्या एका वाक्यासाठी वही घेऊन त्यांच्यामागं फिरत.

खेळाचा प्रवाह या सगळ्यांना छेदून जातो. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना तिकडं जाता यावं म्हणून गावानं वर्गणी काढली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक सगळ्यांच्या लक्षात आहे. गहाणखताचा तो कागद आधीचा, आणि मला विचाराल तर खरा गौरव तिथं झाला होता, पदक मिळायच्या कितीतरी आधी. मुंबईच्या हॅरिस शील्डमध्ये फेब्रुवारी १९८८ला शारदाश्रम विद्यामंदिरच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी केलेली ६६४ धावांची अभंग भागीदारी आज दंतकथा झाली आहे. ती आपल्यापर्यंत आकड्यानिशी पोहोचली, कारण मैदानाच्या कडेला कुणीतरी उन्हात बसून एकेक धाव लिहीत होतं.

आता शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८पासून दिले जातात, ५ सप्टेंबर हा शिक्षकदिन १९६२पासून पाळला जातो, आणि आपल्या राज्याच्या पुरस्काराला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. नावाला साजेसं काम करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पण पुरस्कारासाठी शिक्षकानंच स्वतःचा प्रस्ताव भरायचा, कात्रणं आणि प्रमाणपत्रं जोडायची, ही पद्धत मला कधी रुचली नाही. जो कामात बुडालेला असतो त्याच्याकडं कात्रणं नसतात. शाळेत मुलांनी दिलेला एक गुलाब, एक दिवसाचा शिक्षक झालेल्या दहावीतल्या मुलीनं आपली नेमकी लकब उचलून घेतलेला तास, यांनी मला जे सांगितलं ते कोणत्याही सन्मानपत्रानं सांगितलं नाही.

आणि शिपाईमामा, लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा परिचर? त्यांचं नाव शाळेच्या व्यासपीठावरून बहुधा एकदाच घेतलं जातं, सेवापूर्तीच्या दिवशी. शाल, श्रीफळ, घड्याळ आणि दोन भाषणं. तीस-पस्तीस वर्षं ज्यानं घंटा वाजवली, त्याच्या त्या कामाबद्दल कुणी नेमकं वाक्य बोललेलं मी फार क्वचित ऐकलं. आमच्या प्रयोगशाळा परिचरांना कोणत्या मुलाचा हात ब्युरेट धरताना थरथरतो हे ठाऊक असायचं, आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी ते त्याच्या टेबलाजवळ उगाचच काहीतरी पुसत उभे राहायचे. हे कोणत्याही वार्षिक अहवालात आलं नाही. अहवाल मीच लिहीत होते. माझ्याही हातून ते राहून गेलं, आणि ती रुखरुख आजही आहे.

हे पुस्तक आत्ता का, असं कुणी विचारलं तर कारणं समोर आहेत. राज्य मंडळानं गुणवत्ता यादी जाहीर करणं थांबवलं त्याला बरीच वर्षं झाली. हेतू चांगला होता, मुलांवरचा ताण कमी व्हावा हा. पण मंडळानं मोकळी केलेली जागा खासगी क्लासच्या फ्लेक्सनी भरून काढली. चौकाचौकांत मुलांचे चेहरे आणि टक्के टांगले जातात, आणि त्या मुलांना घडवणाऱ्या शाळेचं नाव कोपऱ्यातही नसतं. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा, खेळ, लोककला यांना दहावीत वाढीव गुण मिळू लागले, हे स्वागतार्ह. त्यासोबत 'गुण मिळतात म्हणून ढोलकी' असाही सूर पालकांकडून ऐकू येतो, तेव्हा १९७३च्या त्या प्रयोगातली मुलं डोळ्यांपुढं येतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं मुलाचा सर्वांगीण विकास दाखवणारं प्रगतिपुस्तक सुचवलं आहे. त्यात शिक्षकाच्या जोडीला मुलानं स्वतः आणि त्याच्या सोबत्यांनीही मूल्यमापन करायचं आहे. कल्पना उत्तम. ती भरणाऱ्या शिक्षकाला प्रत्येक मुलाबद्दल एक खरं वाक्य लिहिता आलं नाही, तर रकाने वाढतील एवढंच.

आणखी एक. पूर्वी फळ्यावरचं नाव संध्याकाळी पुसलं जायचं. आता बक्षीस घेतानाचा फोटो पालकांच्या गटांवर आणि तिथून कुठंकुठं जातो. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. शाळांनी याकडं कटकट म्हणून पाहू नये. मुलालाही विचारावं, तुझं नाव लावू का? माझ्या वर्गात एका मुलानं 'नको' म्हटलं होतं. त्याचं कौतुक मी वर्गात हळू आवाजात केलं.

संपादकांनी या संग्रहात राज्यातल्या वेगवेगळ्या भागांतल्या माध्यमिक शाळांचे अहवाल, वार्षिक अंकांतले लेख, हस्तलिखितांची पानं, गॅदरिंगची वृत्तं, सेवापूर्तीची भाषणं आणि वर्गशिक्षकांच्या टिपणवह्या एकत्र केल्या आहेत. त्यांची रचना शाळेच्या वर्षासारखी आहे. जूनमधल्या ओल्या छत्र्यांपासून एप्रिलच्या निकालापर्यंत. कोणत्याही नोंदीतले टक्के त्यांनी छापलेले नाहीत, आणि शाळांची क्रमवारी तर दूरच राहिली. मुलांची नावं बदलली आहेत. हा निर्णय मला आधी खटकला, कारण नाव नेमकं असावं असं मी आयुष्यभर मानत आले. पण परवानगी न घेता नाव छापण्यापेक्षा हे बरं, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. भाषा मात्र त्यांनी जशीच्या तशी ठेवली आहे, चंदगडची, अक्कलकुव्याची, मालवणची, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

उणीवही सांगायला हवी. रात्रशाळा आणि आश्रमशाळा यांतला मजकूर फार थोडा आहे. संपादक शोधत हिंडले नाहीत असं नाही. दिवसभर काम करून रात्री शिकणाऱ्या मुलांच्या शाळेत अंक काढायला वेळ आणि पैसा दोन्ही नसतात, त्यामुळं जिथं मान देण्याजोगं सर्वांत जास्त घडतं तिथलंच लिहिलेलं सर्वांत कमी सापडतं. पुढच्या आवृत्तीत ही बाजू भरून निघावी, यासाठी ज्यांच्याकडं अशा शाळांची टिपणं, फोटो, आठवणी आहेत त्यांनी त्या जपून ठेवाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वाचायला कुठूनही सुरुवात करा. माझ्यासारख्या घाईच्या वाचकानं आधी फेब्रुवारीचा भाग उघडला तरी चालेल. तिथं दहावीच्या निरोप समारंभासाठी एका वर्गशिक्षिकेनं केलेली यादी आहे. पटावरच्या क्रमानं प्रत्येक मुलासाठी एक ओळ. 'रोज धाकट्या बहिणीला सायकलवर घेऊन येतो, एकदाही उशीर नाही.' 'कविता पाठ होत नाही, पण अर्थ सर्वांत आधी कळतो.' 'शाळेची बाग हिनं उन्हाळ्यात जगवली.' अशा एक्कावन्न ओळी आहेत. पट क्रमांक सत्तावीसपुढं लिहिलं आहे, 'दिवाळीपासून येत नाही. दोनदा घरी जाऊन आले. गाव सोडून गेलेत. अक्षर सुंदर.'